कॅनडात जोडीदाराला बोलावताना: जुन्या फाइलमध्ये गाठी असतील तर

मुलगा किंवा मुलगी कॅनडात पीआर (कायमचा रहिवासी), लग्न इकडे झालेलं आणि नवरा-बायकोपैकी एक जण इकडेच थांबलेला, अशी घरं आता धुळे, जळगाव, नंदुरबारकडे गावोगाव आहेत. कागद सरळ असतील तर स्पॉन्सरशिपची, म्हणजे जोडीदाराला बोलावण्याची, फाइल घरच्या घरी भरता येते. हा लेख मात्र ज्यांचे कागद सरळ नाहीत त्यांच्यासाठी आहे. कुणाचा आधी स्टडी परमिट नाकारला गेला, कुणाच्या एजंटाने बँकेचे खोटे कागद लावले. कुणाची पहिल्या लग्नाची फारकत नुसती स्टॅम्प पेपरवर झाली. कुणाचं पीआरच्या वेळी लग्न सांगायचं राहिलं, तर कुणाला एखाद्या देशातून परत पाठवलं गेलं.

यातल्या बहुतेक अडचणींवर कायद्यात वाट ठेवलेली आहे. पण ती अडचण तुम्ही स्वतः, आधीच आणि पूर्ण सांगितली तरच ती वाट उघडी राहते. कॅनडा बोटांचे ठसे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या देशांशी ताडून पाहतो. दहा वर्षांपूर्वी मुंबईच्या वाणिज्य दूतावासात नाकारलेला अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसाही त्यात दिसू शकतो. ‘ते कुणाला कळणार?’ असं घरातल्या वडीलधाऱ्यांनी म्हटलं तरी त्यावर विसंबू नका.

फॉर्म उघडण्याआधी जुने कागद

पहिले दोन-तीन आठवडे फक्त कागद गोळा करण्यात घालवा. दोघांचे आजवरचे सगळे पासपोर्ट, रद्द झालेलेसुद्धा. कुठल्याही देशाकडे केलेला प्रत्येक व्हिसा अर्ज आणि त्याचं उत्तर. एजंटाने त्याच्या ईमेलवरून फाइल टाकली असेल तर त्या अर्जाची प्रत त्याच्याकडून मागून घ्या. तो देत नसेल किंवा दुकान बंद करून गेला असेल, तर कॅनडाच्या सरकारकडून तुमच्या फाइलवरच्या नोंदी मागवता येतात. या नोंदींना जीसीएमएस नोट्स म्हणतात. कॅनडातल्या जोडीदाराने माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करायचा, सोबत इकडच्या जोडीदाराचं सही केलेलं संमतीपत्र जोडायचं आणि ५ डॉलर फी भरायची. उत्तराची कायदेशीर मुदत ३० दिवसांची आहे, प्रत्यक्षात वेळ जास्तही लागतो. गुंतागुंतीच्या फाइलला या नोट्सशिवाय हात लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. नकाराच्या पत्रात छापील दोन ओळी असतात. अधिकाऱ्याला नेमकं काय खटकलं ते नोट्समध्ये असतं.

मग नकाराचं पत्र शांतपणे वाचा. त्यात कोणत्या कलमाचा उल्लेख आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. नियम २१६ (स्टडी परमिट) किंवा नियम १७९ (व्हिजिटर व्हिसा) लिहिलेला असेल, म्हणजे ‘मुदत संपल्यावर तुम्ही परत जाल याची खात्री वाटत नाही’ असं म्हटलं असेल, तर तो साधा नकार. असे तीन नकार असले तरी स्पॉन्सरशिपला बंदी नाही. फक्त ते तिन्ही नकार फॉर्ममध्ये सांगावे लागतात. पण पत्रात कॅनडाच्या इमिग्रेशन कायद्याचं कलम ४०(१)(अ) असेल, तर तो खोटी माहिती दिल्याचा ठपका आहे. त्याची बंदी ५ वर्षांची असते आणि त्या काळात पीआरचा अर्जच करता येत नाही. अर्ज कॅनडाबाहेरून केलेला असेल तर ही ५ वर्षं त्या निर्णयाच्या तारखेपासून मोजतात. कॅनडातून काढून लावलं असेल तर देश सोडल्यापासून. उदाहरणार्थ, जळगावहून टाकलेल्या स्टडी परमिटवर १२ ऑगस्ट २०२२ रोजी असा निर्णय झाला असेल, तर १२ ऑगस्ट २०२७ उलटल्याशिवाय फाइल टाकू नका. एक महिना आधी टाकली तरी ती परत येईल.

‘कागद एजंटाने लावले, आम्हाला माहीत नव्हतं’ हा बचाव सहसा टिकत नाही. सही तुमची असते, म्हणून जबाबदारीही तुमचीच धरतात. तरी हे सगळं मुदत संपल्यावरच्या फाइलमध्ये लिहायचं असतं: एजंट कोण, पैसे कसे दिले, खोटा कागद कोणता, तो तुम्हाला कधी कळला.

कॅनडातून परत पाठवलं असेल तर

काढून लावण्याचे आदेश तीन प्रकारचे असतात आणि तिन्हींचा परिणाम वेगळा होतो. डिपार्चर ऑर्डर मिळाल्यावर ३० दिवसांत देश सोडला आणि विमानतळावर सीमा अधिकाऱ्याकडून निघाल्याचा दाखला घेतला, तर परत येण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. तीच माणसं ३० दिवसांनंतर गेली, किंवा वेळेत जाऊनही दाखला न घेता विमानात बसली, तर तो आदेश आपोआप डिपोर्टेशन ऑर्डर बनतो. मग परतीची लेखी परवानगी आयुष्यभर लागते. तिला एआरसी म्हणतात. एक्सक्लूजन ऑर्डर एक वर्षाची असते, कारण खोटी माहिती हे असेल तर ५ वर्षांची. एआरसीची मागणी स्पॉन्सरशिपच्या फाइलसोबतच करा. तिची फी वेगळी असते. स्पॉन्सरशिप मंजूर झाली म्हणून एआरसी आपोआप मिळत नाही. वेळेत गेला होतात पण दाखला हरवला असेल, तर पासपोर्टवरचा भारतातला आगमनाचा शिक्का, बोर्डिंग पास आणि तिकीट हे तरी शोधून ठेवा.

बोलावणाऱ्याचीही तपासणी होते

इकडची मंडळी फक्त इकडच्या जोडीदाराकडे बघतात. कॅनडातला माणूस पात्र नसेल तर फाइल तिथेच थांबते. स्पॉन्सर १८ वर्षांवरचा हवा आणि नागरिक किंवा पीआर हवा. पीआर असेल तर त्याने कॅनडातच राहायला हवं. सहा महिने आई-वडिलांकडे चोपड्याला राहून तिथून फाइल टाकणं पीआरधारकाला चालत नाही. नागरिकाला चालतं, पण जोडीदाराला पीआर मिळाल्यावर कॅनडात राहायला जाणार हे दाखवावं लागतं. अपंगत्वाचं सोडून दुसरं सरकारी साहाय्य घेत असाल, दिवाळखोरीतून अजून मुक्त झाला नसाल किंवा स्वतःवरच काढून लावण्याचा आदेश असेल, तर स्पॉन्सर होता येत नाही.

दुसऱ्या लग्नाच्या लोकांना दोन नियम हमखास नडतात. पहिला: तुम्ही स्वतः पहिल्या जोडीदाराच्या स्पॉन्सरशिपवर पीआर झाला असाल, तर पीआर झाल्यापासून ५ वर्षं नव्या जोडीदाराला बोलावता येत नाही. मधे नागरिकत्व घेतलं तरी ५ वर्षं पुरी व्हावी लागतात. दुसरा: तुम्ही पहिल्या बायकोला किंवा नवऱ्याला बोलावलं असेल, तर तिच्या किंवा त्याच्या पीआरच्या तारखेपासून ३ वर्षं तुमची हमी चालू असते. घटस्फोट झाला तरी ती संपत नाही.

उत्पन्नाची भीती मात्र नको. जोडीदारासाठी बहुतेकांना किमान उत्पन्नाची अट नाही. जोडीदाराच्या आजारपणाच्या खर्चाचं कारण देऊनही नकार देता येत नाही.

आता सगळ्यात घातक चूक. पीआरची फाइल चालू असताना मुलगा उन्हाळ्यात गावी येतो, लग्न करतो, परत जातो आणि पीआर घेताना ‘अविवाहित’च राहतो. किंवा घरचे आधी नुसतं रजिस्टर लग्न उरकतात आणि ‘खरं लग्न तर पुढच्या वर्षी’ म्हणून कुणी ते कळवत नाही. कॅनडाच्या लेखी रजिस्टरची तारीख हीच लग्नाची तारीख. (साखरपुडा लग्नात धरत नाहीत, तेवढ्यासाठी घाबरू नका.) पीआर मिळण्याच्या क्षणी जो जोडीदार होता पण जाहीर केला नाही, तो नियम ११७(९)(ड)खाली कुटुंबाच्या वर्गातूनच बाद होतो. शिवाय बोलावणाऱ्याच्या पीआरवरही चौकशी लागू शकते. सप्टेंबर २०१९ पासून सरकारने अशांपैकी काहींसाठी सवलतीचं धोरण आणलं. जोडीदार सांगितला असता तरी तुमची पीआर अडली नसती, अशांना ते लागू होतं. मुदत घालून ते वेळोवेळी वाढवलं आहे, म्हणून फाइल टाकायच्या आठवड्यात ते चालू आहे का ते पाहा. त्यात बसत नसाल तर मानवी कारणांवरची विनंती, म्हणजे त्याच इमिग्रेशन कायद्याचं कलम २५, पहिल्याच अर्जात घाला. या नकारावर अपील न्यायाधिकरण मानवी कारणं ऐकूनच घेत नाही, त्यामुळे ‘अपिलात सांगू’ म्हणून थांबलात तर ती संधी गेली. हे प्रकरण वकिलाशिवाय करू नका.

पहिल्या लग्नाची फारकत

खान्देशात पंचांसमोर, १०० किंवा ५०० रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, नोटरीचा शिक्का मारून फारकत घेतलेली अनेक जोडपी आहेत. समाजाच्या दृष्टीने ती मोकळी असतात. हिंदू विवाह कायदा १९५५ चं कलम २९(२) रूढीनुसारचा घटस्फोट मानतं, पण ती रूढी तुमच्या समाजात आहे हे सिद्ध करावं लागतं आणि नोटरीच्या शिक्क्याने ते सिद्ध होत नाही. कॅनडाचा अधिकारी कोर्टाचा हुकूमनामा मागतो. लग्नाच्या दिवशी दोघांपैकी एकाचं आधीचं लग्न कायद्याने टिकून असेल, तर दुसरं लग्न त्यांच्या नियमात बसत नाही.

उपाय दोन. एक तर दिवाणी न्यायालयात रूढीप्रमाणे घटस्फोट झाल्याचा घोषणात्मक हुकूमनामा मिळवा. नाहीतर पहिल्या जोडीदाराशी बोलून कलम १३-ब खाली संमतीने रीतसर घटस्फोट घ्या आणि नंतर सध्याच्या जोडीदाराशी पुन्हा लग्न करून नोंदणी करा. मंगल कार्यालय नको, नोंदणीपुरतं साधं लग्न पुरतं. लोकांना दुसरा मार्ग अपमानाचा वाटतो. तो वाटू देऊ नका. १३-ब मधली सहा महिन्यांची थांबण्याची मुदत न्यायालय योग्य कारण असेल तर माफ करू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली सांगितलं आहे. हुकूमनामा एकतर्फी किंवा विरोधात लढून मिळालेला असेल तर अपिलाची ९० दिवसांची मुदत जाऊ द्या, मगच लग्न करा. हुकुमानंतर विसाव्या दिवशी केलेल्या लग्नावर हमखास प्रश्न येतो.

पहिल्या सासरकडून ४९८-अ ची, म्हणजे विवाहितेच्या छळाची, तक्रार असेल (१ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेचं कलम ८५ लागतं), तर ती मिटली असली तरी सांगा. एफआयआर, दोषारोपपत्र आणि निकालाची किंवा रद्द झाल्याच्या हुकमाची प्रमाणित प्रत जोडा. ‘मॅटर क्लोज झालं’ एवढ्या शब्दावर भागत नाही.

लग्न दोन्ही बाजू समोरासमोर असताना झालेलं हवं. व्हिडिओ कॉलवर लावलेलं लग्न २०१५ पासून धरत नाहीत.

नाव, जन्मतारीख आणि नमुना ई

विवाह नोंदणी ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत किंवा महापालिकेत होते. ज्ञापन (नोंदणीचा अर्ज) नमुना ड मध्ये भरायचं, तीन साक्षीदार न्यायचे आणि दाखला नमुना ई मध्ये मिळतो. नव्वद दिवसांत नोंदणी केली तर विलंबाची फी लागत नाही. दाखल्यावर नाव लिहिताना ग्रामसेवकाच्या शेजारी बसून पासपोर्टमधलं स्पेलिंग एकेक अक्षर तपासा. नंतरची दुरुस्ती महिनाभर खाते.

आपल्याकडे मुलीचं आडनावच काय, पाळण्यातलं नावसुद्धा सासरी बदलतं. समजा माहेरची कविता भास्कर पाटील सासरी काव्या रोहन पाटील झाली. आधारवर काव्या, पासपोर्टवर कविता, बारावीच्या गुणपत्रिकेवर वडिलांच्या नावासकट कविता, लग्नपत्रिकेवर ‘चि. सौ. कां. काव्या’. परक्या अधिकाऱ्याला ही तीन वेगळी माणसं वाटतात. त्यात सासर-माहेर दोन्ही पाटील, म्हणजे आडनावावरून काहीच उलगडत नाही. फाइल पासपोर्टच्या नावाने भरा, बाकीची सगळी नावं ‘इतर नावं’च्या रकान्यात लिहा आणि ‘ही एकच व्यक्ती’ असं प्रतिज्ञापत्र जोडा. पासपोर्टच बदलायचा असेल तर फाइल टाकण्याआधी बदला. मधे बदललात तर पोलीस दाखला आणि मेडिकल जुन्या नावावर राहतात.

जन्मतारखेचं तसंच. जुन्या पिढीत आणि खेड्यातल्या बऱ्याच मुलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मास्तरांनी लिहिलेली १ जून असते आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत दुसरीच तारीख. पूर्वीच्या व्हिसा अर्जात एक आणि आता दुसरी गेली, तर तुम्ही ओळख बदलता आहात असा संशय येतो. पासपोर्टची तारीख कायम धरा आणि फरक कुठून आला ते चार ओळींत लिहा.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र आणि मूळ कागदाची प्रमाणित झेरॉक्स हे तिन्ही एकत्र लागतं. भाषांतर घरातल्या माणसाने केलेलं चालत नाही, तो इंग्रजीचा प्राध्यापक असला तरी.

महिन्यांचा हिशेब आणि खुलाशाचं पत्र

आयएमएम ५६६९ या फॉर्ममध्ये मागच्या १० वर्षांचा किंवा वयाच्या १८ व्या वर्षापासूनचा (जो काळ कमी असेल तो) हिशेब द्यायचा असतो. एकही महिना रिकामा नको. ‘जून २०१९ ते मार्च २०२०: एमपीएससीची तयारी, धुळे, खोली भाड्याने’, ‘एप्रिल २०२० ते ऑगस्ट २०२१: घरची केळीची शेती, रावेर तालुका’, असं लिहिलं तरी चालतं. बेकार होतो हे लिहायची लाज वाटून लोक खोटी नोकरी दाखवतात आणि ती मागच्या व्हिसा अर्जातल्या माहितीशी जुळत नाही. आधी एक मोठा कागद घ्या. डावीकडे महिने, मधे पत्ता आणि काम, उजवीकडे त्या काळात केलेला व्हिसा अर्ज. जुन्या अर्जांच्या प्रती शेजारी ठेवून ताडा. फरक सापडेल तिथे लाल खूण करा. ती प्रत्येक लाल खूण खुलाशाच्या पत्रात यायला हवी.

याच फॉर्ममध्ये कोणत्याही देशाने व्हिसा किंवा प्रवेश नाकारला का, देश सोडायला सांगितलं का, असा प्रश्न आहे. ‘हो’ लिहा आणि देश, तारीख, कारण द्या. आखातातून मुदत उलटून परत आलात तेही यात येतं.

खुलाशाचं पत्र दोन पानांच्या वर नको. पहिल्या परिच्छेदात काय घडलं आणि कधी. मग कागदाचा क्रमांक. मग त्या वेळी काय चुकलं आणि आता माहिती कशी बरोबर केली. कुणाचे पाय धरल्यासारखी भाषा नको, आणि मागच्या अधिकाऱ्यावर रागही नको. जिथे तारीख आठवत नाही तिथे ‘अंदाजे’ असं स्पष्ट लिहा.

लग्न खरं आहे हे दाखवणं

नियम ४ सांगतो की लग्न खरं नसेल, किंवा ते मुख्यतः इमिग्रेशनसाठी केलं असेल, तर नकार. दोन्हींपैकी एक पुरतं. जुना नकार असलेल्या जोडीदाराकडे याच संशयाने पाहतात: आधी विद्यार्थी म्हणून जमलं नाही, मग पाहुणा म्हणून, आता लग्न. म्हणून आयएमएम ५५३२ या नात्याची माहिती विचारणाऱ्या फॉर्ममधली उत्तरं एका ओळीत उरकू नका. बायोडाटा कुणी आणला, पाहण्याचा कार्यक्रम कधी झाला, सुपारी कधी फुटली, सुपारी ते लग्न अठराच दिवस का, हे सगळं लिहा. सुट्टी तीन आठवड्यांचीच होती, हे कारण पूर्ण रास्त आहे. रजेचा कंपनीचा ईमेल जोडा. जुन्या नकाराबद्दल तुमचं एकमेकांशी काय बोलणं झालं तेही लिहा. मुलाखतीत नवऱ्याला बायकोचा जुना नकार माहीत नसेल तर अधिकाऱ्याची शंका पक्की होते.

दुसरं लग्न मुद्दाम लहान करतात, देवळात, पंधरा माणसांत. अधिकाऱ्याला तो बनाव वाटू शकतो. आपल्याकडे दुसरेपणाचं लग्न असंच करतात, हे लिहून सांगावं लागतं. मामाच्या मुलीशी लग्न असेल तर तशी चाल समाजात आहे हेही लिहा, कारण ती चाल नसेल तर आपल्याच कायद्यात ते नातं निषिद्ध ठरतं.

फोटो साधारण वीस पुरतात. स्टेजवरचेच वीस नकोत. आखाजीला माहेरी आलेली सून, श्रावणात कानबाईच्या पूजेला बसलेलं जोडपं, दवाखान्यात सासूजवळ बसलेली ती, असे वेगवेगळ्या तारखांचे द्या आणि प्रत्येकाखाली तारीख, गाव, माणसं लिहा. व्हॉट्सॲपच्या संवादातली दर दोन-तीन महिन्यांची एकेक पानं काढा. मराठीत किंवा अहिराणीत असलेल्या पानांना भाषांतर जोडा. पैसे सासऱ्याच्या खात्यावर पाठवत असाल तर आजपासून बायकोच्या स्वतःच्या खात्यावर पाठवा.

फाइल टाकणं आणि पुढे

जोडीदार कॅनडातच असेल तर आतून अर्ज करता येतो, आणि व्हिसाची मुदत संपलेल्यांना २००५ पासूनची सवलतही आहे. पण आतल्या अर्जाच्या नकारावर अपील नाही, फक्त फेडरल कोर्टात दाद. बाहेरच्या अर्जावर स्पॉन्सरला ३० दिवसांत अपील करता येतं. इतिहास गुंतागुंतीचा असेल तर आम्ही बाहेरच्या अर्जाकडे झुकतो.

३० एप्रिल २०२४ च्या दरांनुसार स्पॉन्सरशिप ८५, प्रक्रिया ५४५, पीआर हक्क ५७५ आणि बायोमेट्रिक (बोटांचे ठसे आणि फोटो) ८५ असे १,२९० कॅनेडियन डॉलर होतात. दर मधूनमधून वाढतात, म्हणून भरण्याच्या दिवशीचे पाहा. पोलीस दाखल्यासाठी पासपोर्ट सेवेच्या साइटवर अर्ज करा. इकडचा दाखला फाइलच्या दिवशी सहा महिन्यांपेक्षा जुना नको. मागच्या १० वर्षांत सलग ६ महिने राहिलात त्या प्रत्येक देशाचाही लागतो. बायोमेट्रिक पत्र आल्यावर मुंबई, पुणे किंवा अहमदाबाद गाठा. नंदुरबारवरून अहमदाबादही सोयीचं पडतं. मेडिकल फक्त कॅनडाने नेमलेल्या डॉक्टरकडेच होतं.

मदत घ्यायची तर परवानाधारक सल्लागार किंवा कॅनडाचा वकील घ्या. सल्लागाराचं नाव त्यांना परवाना देणाऱ्या संस्थेच्या (तिला ‘कॉलेज’ म्हणतात) सार्वजनिक नोंदवहीत स्वतः शोधा. जो आयएमएम ५४७६ या फॉर्मवर प्रतिनिधी म्हणून सही करायला तयार नाही, त्याच्याकडून उठून या.

मधे ‘प्रोसिजरल फेअरनेस’ नावाचं पत्र आलं तर तो नकार नाही, उत्तर द्यायची संधी आहे. मुदत पत्रातच असते. त्या दिवसांत प्रत्येक मुद्द्याला वेगळा कागद द्या, आणि कागद मिळायला वेळ लागत असेल तर मुदत संपण्याआधी लेखी वाढवून मागा.

फाइल चालू असताना पत्ता, नोकरी किंवा पासपोर्ट बदलला तर लगेच कळवा. बाळ झालं तर जन्माचा दाखला मिळताच पोर्टलवर टाका, बाळ इकडे आजी-आजोबांकडे राहणार असेल तरीही. जोडीदाराने पीआर घेण्याआधी ते जाहीर झालं नाही, तर वर सांगितलेला ११७(९)(ड) चा नियम पुढे त्या बाळालाच लागतो.